उंबऱ्याचं टपाल

१२ जून, शनिवार

“एंगेज लागला तर चिडायचं नाही. एंगेज म्हणजे आत कोणीतरी आहे.”

दादाचं हे वाक्य आज दिवसभर डोक्यात आहे. तेरा वर्षांपूर्वी, स्वयंपाकघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत फरशीवर मांडी घालून, ओठांत स्क्रू धरून तो हे बोलला होता. त्या दिवशी आमचा बोर्ड सुरू झाला. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आणि मॉडेम होता त्यांनी आमच्या नंबरला फोन लावायचा, मॉडेमने शीळ घालायची, की त्यांच्या पडद्यावर आमचा बोर्ड उघडणार. सोसायटीच्या जिन्याखाली सूचनांचा फळा असतो ना, तसा. कोणी प्रश्न लावायचा, कोणी उत्तर, कोणी नुसतं भांडण. बोर्डाची लाइन घरच्या फोनहून वेगळी, पण एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस आत. तो बाहेर पडला की दुसरा. पहिल्याच संध्याकाळी तिघांनी घरच्या फोनवर तक्रार केली की सारखा एंगेज लागतो. त्यांना दादाने दिलेलं हे उत्तर.

आज दुपारी लायब्ररीतल्या टेबलावरून मी स्वतःच बोर्डाचा नंबर फिरवला. पहिल्या फटक्यात लागला. रिकाम्या घरात मॉडेम शीळ घालत राहिला, मी ऐकत राहिले, मग रिसीव्हर ठेवला. पुस्तक बदलायला आलेली मुलगी म्हणाली, “काय झालं बाई?” म्हटलं, “काही नाही, घरी कोणी नव्हतं.”

या आठवड्यात एकूण अकरा फोन. सगळे इंटरनेटकडे गेले. तिथे हजारो माणसं एकदम आत असतात म्हणे. लग्नाच्या हॉलसारखं असणार. मला हॉलमध्ये नेहमीच भिंतीकडची खुर्ची लागते.

जेवताना ह्यांना सांगितलं, बोर्ड बंद करते, ३१ ऑगस्टला. हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, “माझ्या सवतीला घराबाहेर काढतेस? तेरा वर्षं नांदली बिचारी.” मग मान वर केली. “दादाला कळवणार?”

“त्याचा काय संबंध,” म्हटलं.

१३ जून, रविवार

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी तो फोन आला. दर रविवारी येतो. शीळ होते, स्वागताचा पडदा जातो आणि नाव विचारायच्या आत फोन कट. प्रिंटरवर नोंद उमटते: ११.०५, नाव नाही, नऊ सेकंद. कोणाचा तरी राँग नंबर. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने वहीत नंबर चुकीचा लिहून ठेवला असेल आणि दर रविवारी लेकाला लावत असेल. मला त्याची दया येते.

बंद होण्याची सूचना लिहायला बसले. चार वेळा खोडली. शेवटी लिहिलं: “३१ ऑगस्टला बोर्ड बंद होईल. आपापलं सामान उतरवून घ्यावं.” बस कंडक्टरसारखं झालं. असू दे म्हटलं आणि लावून टाकलं.

१८ जून

लंबककाकांचं उत्तर आलं. काका घड्याळं दुरुस्त करतात. बोर्डावर खरं नाव विचारायचं नाही हा आमचा पहिल्यापासूनचा नियम, त्यामुळे मी त्यांना लंबक म्हणूनच ओळखते. फक्त एकदा माझं मनगटी घड्याळ त्यांच्या दुकानात नेलं होतं. त्यांनी लिहिलंय: “ताई, दोन वर्षांपूर्वी मॉडेम जळला तेव्हाच बोर्ड बंद पडायचा होता. तेव्हापासूनचं सगळं वरकमाईच. दुःख करू नका, पण मला विचाराल तर करा.”

तो नवा मॉडेम काकांनीच पाठवला असणार. खोक्यात आला होता, वर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मी आभार मानायला गेले की ते विषय बदलतात. मोठं मन आहे.

खिडकीचाही निरोप आहे. ही बाई दीड वर्ष रोज दुपारी येते. तिच्या खिडकीतून काय दिसलं तेवढंच लिहिते: “आज बंद कारखान्याच्या धुराड्यावरचं झाड कोणीतरी छाटायला चढलं आणि घाबरून उतरलं.” “खालच्या दुकानदाराने पाटी उलटी लावली, संध्याकाळपर्यंत कोणी सांगितलं नाही.” लोकांना तिचे निरोप फार आवडतात. मलाही. आज तिने विचारलंय: “ताई, बोर्ड बंद झाल्यावर खासगी पत्रांचं काय होणार?”

मी लिहिलं: सगळी पुसली जातील, काळजी नसावी, कोणाच्या हाती लागणार नाहीत.

२६ जून

तिचा उलट निरोप: “पुसली जाणार, बरं झालं. मग तेवढ्या वेळात मीही माझं आवरते.” आवरते म्हणजे इंटरनेटवर जाणार. सगळ्यांनाच घाई. वाईट वाटलं, पण बंद मीच करतेय, मी कोणत्या तोंडाने वाईट वाटून घेऊ?

आज कुठल्या खात्यात किती टपाल आहे याची यादी काढली. एक गोष्ट कळेना. उंबरा या खात्यात एकतीस पत्रं, सगळी न उघडलेली, सगळी खिडकीकडून.

उंबरा म्हणजे दादा. ते खातं मी नऊ वर्षांपूर्वी कुलूपबंद केलं आहे.

कधीतरी लिहायचंच होतं, आज लिहून टाकते. तेव्हा बोर्डावर जिना नावाची एक बाई येत असे. तिसऱ्या मजल्यावरून जिन्यात कोण चढतं-उतरतं, समोरच्या धुराड्यावर वीतभर रोपटं उगवलंय, असलं काहीबाही लिहायची. तिची एक मैत्रीण बोर्ड सोडून गेली होती, तरी ही तिला पत्रं लिहीतच राहिली. ती कोणी उघडणार नव्हतं. ती दादाने उघडली. आम्ही दोघं बोर्डाचे चालक, आम्हाला सगळं उघडता यायचं, म्हणूनच तर नियम केला होता की उघडायचं नाही. नियम त्याचाच. पत्रात पत्ता होता. हा उठला आणि सरळ तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

चार दिवसांनी तिचा भाऊ आमच्या दारात. “आमच्या घरच्या बाईची पत्रं वाचता? लाज नाही वाटत?” सगळी बिल्डिंग ऐकत होती. बोर्डावर बातमी पसरली. साठातले पस्तीस जण आठवड्यात गेले.

दादा म्हणाला, “मी गेलो नसतो तर ती जगली नसती.” मी तिच्या भावाला विचारलं होतं. तो म्हणाला, तिला फक्त ताप होता. मी दादाला म्हटलं, “ताप होता. तू नियम मोडलास आणि आता वर कथा रचतोस.” त्याचं खातं बंद केलं. जायच्या आधी दोन दिवस त्या खोलीत बसून त्याने पत्रांचा प्रोग्राम बदलला. ज्याचं पत्र त्याच्याच परवलीच्या शब्दाने उघडेल असं काहीतरी केलं. म्हणाला, “आता तुला मोह व्हायचा नाही.”

मला तेव्हा ते टोमण्यासारखं लागलं होतं. अजून लागतं. मोह मला कधी झालाच नव्हता. लायब्ररीत कोण कोणतं पुस्तक नेतं ते मी ह्यांनाही सांगत नाही.

३ जुलै

या आठवड्यात नऊ फोन. मशीनच्या पंख्याच्या पात्याला टेप लावली.

११ जुलै, रविवार

अकरा पाचचा राँग नंबर आला. नऊ सेकंद.

खिडकीने लिहिलंय की गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या तिने शेजारणीला देऊन टाकल्या. “शेजारीण म्हणते, अगं एक तरी ठेव. मी म्हटलं, कशाला, पाणी घालायचं लक्षात राहत नाही.” लंबककाकांनी खाली लिहिलं: “बाईसाहेब, घर बदलताय की काय?” तिचं उत्तर: “तसंच समजा.”

म्हणजे इंटरनेट नव्हे, घर बदलतेय. उगाच रागावले होते तिच्यावर. तिला लिहिलं, नव्या घरालाही खिडकी असेल अशी आशा करते.

२४ जुलै, शनिवार

आज सुट्टी होती म्हणून दुपारी पडद्यासमोरच होते. खिडकी आली. कोणी आत असताना चालकाला मध्येच एक कळ दाबून त्याच्याशी बोलता येतं. दोघांचे शब्द एकाच पडद्यावर उमटतात. मी सहसा करत नाही, दार न वाजवता खोलीत गेल्यासारखं वाटतं. आज केलं.

“मी ताई. बोलले तर चालेल?”

“बोला ना. मीच कधीपासून म्हणत होते.”

“उंबऱ्याच्या खात्यात तुमची पत्रं आहेत. ते खातं बंद आहे, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते.”

“माहीत आहे.”

“मग?”

“पोचतात ना पण?”

“पोचतात. उघडत नाही कोणी.”

“मला तेवढंच हवंय. उघडणारा माणूस असला की लिहिता येत नाही. आणि अगदीच कोणी नसलं तरी लिहिता येत नाही.”

मी विचारलं, “तुम्ही त्याला ओळखता?”

“एकदा भेट झाली होती. दाराशी. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.” मग लगेच, “आता येतात का ते बोर्डावर?”

“नाही.”

“माझ्यामुळे गेले असतील.”

मी लिहिलं, “छे हो, तुमचा काय संबंध, ते आमचं घरगुती आहे.” त्यावर ती “असू दे” एवढंच म्हणाली आणि बाहेर पडली.

दादाला दारोदार जायची सवयच होती. कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की हा हत्यारांची पेटी घेऊन हजर. तसाच कधी हिच्याकडे गेला असेल.

२ ऑगस्ट, सोमवार

खिडकीचा निरोप, जसाच्या तसा:

“हा माझा शेवटचा. कॉम्प्युटर उद्या शेजारच्या मुलीला देतेय, तिला शिकायचंय. येत्या सोमवारी, नऊ तारखेला, भाऊ-वहिनी आणि मुलं पंधरा दिवस परगावी जातायत. मग मला निवांत. झाड आता दोन मजली झालंय, पाडतील एक दिवस. सगळ्यांना धन्यवाद. उंबऱ्याला विशेष. त्यांना म्हणावं, तेव्हा उघडलं ते बरं केलं, नऊ वर्षं जास्तीची मिळाली, पण आता पुरे.”

छान लिहिते. हेवा वाटला. पंधरा दिवस घरात एकटं राहायला मिळणं म्हणजे चैन.

३ ऑगस्ट

सकाळी दार वाजलं. लंबककाका. सहा वर्षांत पहिल्यांदा घरी आले. डोळ्याला लावायची काच कपाळावर तशीच. चपला काढायच्या आधी म्हणाले, “ताई, तिचं वाचलंत?”

“वाचलं की. जागा बदलतायत.”

काकांनी कपाळावरची काच काढून खिशात ठेवली.

“कुंड्या दिल्या. मशीन दिलं. घरचे जाणार, मग निवांत. पुरे म्हणतेय ती. ताई, माझी बायको गेली त्याआधी तिनेही साड्या वाटल्या होत्या. मी म्हटलं होतं, बरं झालं, कपाटात जागा झाली.”

हे आतून आले, त्यांनी निरोप वाचला. त्यांनाही लगेच कळलं. मला सांगावं लागलं.

तिचा पत्ता नाही, नाव नाही, नंबर नाही. आमचा नियम.

४ ऑगस्ट

रजा टाकली. टेलिफोन ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, “तुमच्या लाइनीवर कोणाचा फोन आला ते काढता येतं, पण पोलिसांचं पत्र लागेल.” पोलीस चौकीवर गेले.

“तक्रार कोणाविरुद्ध?”

“कोणाविरुद्ध नाही. एका बाईची काळजी वाटते.”

“नाव?”

“माहीत नाही. खिडकी म्हणतात.”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. मी नेलेला कागद त्याने दोनदा वाचला. “घरचे गावाला जाणार, कुंड्या दिल्या, सगळ्यांना धन्यवाद. बाई, यावर मी काय लिहू? माझी सासू दरवर्षी असंच बोलते.” मग जरा नरमाईने, “मला एक दार सांगा, आत्ता जाऊन ठोठावतो. पण दार तर हवं.”

“तिच्या खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसतं. त्यावर झाड आहे.”

“धुराडी शहरात शंभर असतील. झाडं त्याच्या निम्म्यांवर.”

येताना बसमधून मी धुराडी मोजत आले. सोळापर्यंत मोजली.

५ ऑगस्ट

दादाचा नंबर फक्त मावशीकडे आहे. हॉस्पिटलांतली मशीन दुरुस्त करत गावोगाव हिंडतो, एकटा राहतो, एवढं मावशीकडून कळतं. तिला फोन केला. म्हटलं, “नंबर दे.”

“शब्द दिलाय त्याला. तुझं नाव काढलं की तो पाऊसपाण्याचं बोलतो. पुन्हा काढलं की ठेवून देतो. दोघंही एकाच आईची, खुंटासारखी.”

“मग तूच सांग त्याला. म्हणावं तुझं टपाल आलंय, कोणाच्या तरी जिवाचं आहे.”

दुपारी मावशीचा उलटा फोन. “बाई गं, केला. टपाल आलंय म्हटलं तर म्हणाला, ‘तिथे माझं खातं नाही.’ जिवाचं म्हणेपर्यंत ठेवला. नंतर उचललाच नाही. दौऱ्यावर निघाला असेल, आता रविवारी सकाळीच घरी.”

तिथे तुझं खातं नाही. हे माझे शब्द आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्याची हत्यारांची पेटी पोचवली तेव्हा वर चिठ्ठीत लिहिले होते. अक्षर न अक्षर त्याने जपून ठेवलं आहे.

६ ऑगस्ट

आज मी पत्रं उघडली.

उघडली असं लिहिलं, पण तसं नाही. हे ऑफिसला गेल्यावर दार लावून बसले. घरात कोणी नसताना दार का लावलं, कोण जाणे. उंबऱ्याचं खातं निवडलं. सदतीस पत्रं. शेवटच्या पत्रावर आले आणि ती कळ दाबली, जी तेरा वर्षांत एकदाही दाबली नाही.

पडदाभर कंस, टक्के, आकडे, तुटलेल्या रेघा. दुसरं पत्र, तसंच. सदतीसच्या सदतीस पाहिली.

आता तुला मोह व्हायचा नाही.

मोह कसला रे दादा. तुला त्या दिवशी काय झालं होतं ते मला आज, कळ दाबताना कळलं. नियम आठवत होता, सगळा, शब्दन् शब्द, आणि हात थांबला नाही. तुझाही थांबला नसणार. मी ताप मानला, कारण ताप मानणं सोपं होतं.

संध्याकाळी काकांच्या दुकानात गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे चावी एकट्या तुमच्या भावाकडे.” मग मी उगाच, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, “काका, तुम्ही मॉडेम पाठवला होतात, त्याचे आभार राहिलेच.”

“मी? ताई, मी घड्याळवाला माणूस. मॉडेम मी कुठून आणू?”

“मग कोणी पाठवला?”

“तेव्हा बोर्ड बंद पडलाय हे माहीत असलेलं कोणीतरी.”

“रोज येणाऱ्यांनाच माहीत होतं.”

“किंवा दर आठवड्याला येणाऱ्याला,” काका म्हणाले आणि काच डोळ्याला लावून कामाला लागले.

७ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून अडगळीच्या खोलीत प्रिंटरचे जुने कागद काढून बसले आहे. कडेला भोकं असलेले लांबच लांब कागद, वर्षांप्रमाणे सुतळीने बांधलेले. ह्यांनी चहा आणून दिला आणि माझ्याशेजारी फरशीवर बसले. ते कागद उलगडत गेले, मी बोट फिरवत गेले.

रविवार, ११.०५, नाव नाही, नऊ सेकंद. रविवार, ११.०५. मागच्या वर्षी बावन्नपैकी एकोणपन्नास. त्याच्या आदल्या वर्षी मॉडेम जळला होता ते तीन रविवार सोडून सगळे. नऊ वर्षं मागे गेलो. पहिली नोंद खातं बंद केल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारची.

स्वागताचा पडदा पूर्ण उमटायला नऊ सेकंद लागतात. पडदा त्यानेच काढलेला आहे, नुसत्या रेघा आणि टिंबं जुळवून एक उघडं दार आणि खाली उंबरा. मी तो कधी बदलला नाही. तो दर रविवारी घर उघडं आहे का तेवढं बघायचा आणि जायचा.

हे म्हणाले, “आणि तू म्हातारा-म्हातारा करत होतीस.” मग चष्मा काढून पुसला.

जेवणानंतर मी उंबऱ्याच्या खात्याचं कुलूप काढलं. एका कळीचं काम. नऊ वर्षं ती कळ तिथेच होती. मग स्वागताचा पडदा उघडला. दार खोडवेना, म्हणून दाराच्या आत, रिकाम्या जागेत लिहिलं. मावशीही उद्या फोन करणार आहे, पण तो तिचं ऐकेल असं वाटत नाही, आणि हे वाचेल असंही मला मनातून वाटत नाही. त्याचा स्वभाव मला माहीत आहे, कारण माझाही तोच आहे. विसरायला नको म्हणून जे लिहिलं ते इथे उतरवून ठेवते.

“दादा, कुलूप काढलं आहे. तुझं नाव आणि तुझा जुना शब्द चालेल.

तुझ्या खात्यात सदतीस पत्रं आहेत, खिडकी नावाच्या बाईची. मी उघडायला गेले होते. हो, मीच. तू केलेल्या बंदोबस्ताने मला आत घेतलं नाही. सोमवारी ती घरात एकटी असेल आणि त्यानंतर ती राहणार नाही अशी आम्हाला भीती वाटते. नाव-पत्ता काही माहीत नाही. तिच्या खिडकीतून बंद कारखान्याचं धुराडं दिसतं आणि त्यावर झाड आहे, दोन मजली झालंय म्हणते, एवढंच. पत्ता कदाचित पत्रात असेल. दार कळलं तर ठोठावायला हवालदार तयार आहे, काका तयार आहेत, मी तयार आहे.

जिनाच्या वेळी तू बरोबर होतास. हे नऊ वर्षं उशिरा म्हणतेय.

तू नाही म्हणशील. म्हण, तुझा हक्क आहे. माझ्याशी बोलू नकोस, घरी येऊ नकोस, मला माफही करू नकोस. पण हे सगळं नऊ सेकंदांत वाचून व्हायचं नाही, म्हणून एकच मागते. आज लगेच ठेवू नकोस. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी घरच्या फोनवरून बोर्डाचा नंबर लावून बघणार आहे. तेवढा एंगेज लागू दे.”